आश्वासन पाळूनही पदरी आलेली निराशा : ‘युका-लेली’ या खेळाचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

मे २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या प्लेटॉनिक गेम्स या नव्या, छोट्या कंपनीने ‘युका-लेली’ नावाच्या व्हिडिओ गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे १,७५,००० पौंड मागितले. ती रक्कम ३८ मिनिटांत जमा झाली. २१ तासांत आकडा दहा लाख पौंडांच्या पुढे गेला आणि जूनमध्ये मोहीम संपली तेव्हा ७३,२०६ जणांनी मिळून २०,९०,१०४ पौंड दिले होते, म्हणजे मागितलेल्या रकमेच्या जवळपास १२ पट. खेळ ११ एप्रिल २०१७ रोजी प्रसिद्ध झाला, पण पैसे देताना जो उत्साह होता तो खेळ हातात आल्यावर टिकला नाही. समीक्षकांचे सरासरी गुण शंभरपैकी सत्तरच्या आसपास राहिले. काहींनी मनापासून कौतुक केले, तर एका समीक्षकाने दहापैकी दोन गुण दिले.

लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या खेळांची जी प्रकरणे सहसा चर्चेत येतात त्यांत कोणीतरी पैसे घेऊन गप्प बसलेले असते, तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकललेल्या असतात किंवा दाखवले एक आणि दिले दुसरेच असा प्रकार असतो. या प्रकरणात तसे काही घडले नाही. खेळ ठरल्यापेक्षा सुमारे सहा महिने उशिरा आला, जे सांगितले होते त्यातले बहुतेक त्यात होते आणि करणारी माणसे आपल्या कामात मुरलेली होती. तरीही निराशा झाली, म्हणूनच हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. कंपनी, खेळ आणि आकडे सार्वजनिक असल्यामुळे ते नावानिशी दिले आहेत. पैसे देणाऱ्या आणि मत मांडणाऱ्या व्यक्तींची ओळख मात्र कोठेही दिलेली नाही. निर्मात्यांच्या बंद खोलीत काय बोलणे झाले याचा अंदाज बांधण्याचे टाळले असून ‘पर्याय’ म्हणून जे मांडले आहेत ते बाहेरून दिसणारे आहेत.

पार्श्वभूमी

या खेळाची मुळे रेअर या ब्रिटिश कंपनीत आहेत. १९९८ मध्ये रेअरने निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या निन्टेन्डो ६४ या खेळयंत्रासाठी ‘बॅन्जो-काझूई’ हा खेळ काढला. त्यात एक भोळसट अस्वल आणि त्याच्या पाठीवरच्या पिशवीत बसलेला एक तोंडाळ पक्षी अशी जोडी होती. खेळाडूने या जोडीला उड्या मारत, चढत, पोहत वेगवेगळ्या जगांतून फिरवायचे आणि लपवलेल्या वस्तू गोळा करायच्या, असा हा त्रिमितीय प्लॅटफॉर्म साहसखेळ. पात्रे अर्थहीन आवाजांत बडबडत आणि मजकूर पडद्यावर उमटे. खेळातली खलनायिका असलेली चेटकीण यमक जुळवून टोमणे मारी आणि शेवटी खेळाडूची थेट प्रश्नमंजूषा घेई. हा विक्षिप्तपणाच त्या खेळाचा जीव होता. २००० मध्ये त्याचा दुसरा भाग आला.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ३७.५ कोटी डॉलरना रेअर विकत घेतली. त्यानंतर ज्या तिसऱ्या भागाची चाहते वाट पाहत होते तो २००८ मध्ये आला, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी उड्या आणि शोध राहिले नव्हते. खेळाडूने सुटे भाग जोडून वाहने बनवायची आणि त्यांच्यावर बसून कामगिऱ्या पार पाडायच्या, असे त्याचे स्वरूप होते. तो खेळ स्वतःच्या जागी कल्पक होता, असे माझे मत आहे. पण ज्यांना अस्वल आणि पक्ष्याबरोबर पुन्हा भटकायचे होते त्यांची भूक त्याने भागली नाही. पुढची कित्येक वर्षे त्या प्रकारचा मोठा खेळ निन्टेन्डोखेरीज फारसे कोणी काढतही नव्हते.

अशा वेळी रेअरमध्ये अनेक वर्षे काम केलेली काही मंडळी एकत्र आली आणि २०१४ मध्ये त्यांनी प्लेटॉनिकची स्थापना केली. बॅन्जोची पात्रे रेखाटणारे स्टीव्ह मेल्स आणि त्या खेळाचे प्रोग्रॅमिंग करणारे ख्रिस सदरलँड त्यांत होते. संगीतासाठी ग्रँट किर्कहोप आणि डेव्हिड वाइज ही नावे जोडली गेली. ज्यांनी १९९८ चा खेळ जीव लावून खेळला होता त्यांच्यासाठी ही यादी पुरेशी होती. युका हा हिरवा सरडा आणि लेली ही जांभळी वटवाघळीण या जोडीचे पहिले चित्र पाहताच हे कोणाचे वारस आहेत हे कोणाला सांगावे लागले नाही.

अपेक्षा कशी बांधली गेली

मोहिमेचा मुख्य संदेश असा होता की रेअरच्या त्या काळातल्या खेळांचे पुनरुज्जीवन त्याच माणसांच्या हातून होणार आहे. सरासरी काढली तर प्रत्येकाने २८ पौंडांहून थोडे अधिक दिले, म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीने ही एका खेळाची आगाऊ खरेदी होती. पण अशा खरेदीत आणि दुकानातल्या खरेदीत मोठा फरक असतो. दुकानात वस्तू समोर असते. इथे समोर होती ती आठवण. प्रत्येक पाठीराख्याने आपापल्या आठवणीतला खेळ मनात धरून पैसे दिले आणि ती आठवण गेल्या १७ वर्षांत घासून-पुसून लखलखीत झालेली होती. खरा खेळ चालू असताना कॅमेरा, म्हणजे खेळाडूला दृश्य दाखवणारी नजर, भिंतीत अडकायचा, एका चुकीने बराच वेळ वाया जायचा, हे सगळे विसरले गेले होते आणि संगीत, रंग व विनोद तेवढे उरले होते.

पहिला निर्णयबिंदू इथेच होता. ‘जुन्यासारखा’ म्हणजे नेमका कशासारखा, हे निर्मात्यांना त्या वेळी स्पष्ट करता आले असते. जुन्या खेळातले काय जसेच्या तसे ठेवू, काय आजच्या पद्धतीने करू आणि काय टाकून देऊ, याची साधी यादी मोहिमेच्या पानावर दिली असती तर कदाचित पैसे थोडे कमी जमले असते. पण देणाऱ्याला आपण कशासाठी देत आहोत हे कळले असते. ती संदिग्धता मोहिमेच्या फायद्याची ठरली आणि तिची किंमत दोन वर्षांनी मोजावी लागली. यात फसवणूक नव्हती. निर्मात्यांनाही तोच खेळ करायचा होता आणि आपल्याला काय हवे आहे याविषयी आपण आणि चाहते एकमताचे आहोत, असा त्यांचा समज होणे स्वाभाविक होते.

पैसे आल्यावर समोर असलेले पर्याय

मागितल्याच्या १२ पट पैसे आले की निर्णय सोपे होतात असे वाटते, पण ते अवघड होतात. किकस्टार्टरवरच्या रूढ प्रथेप्रमाणे रकमेच्या पुढच्या प्रत्येक टप्प्याला काहीतरी वाढीव देण्याचे जाहीर केले जाते. दहा लाख पौंडांच्या टप्प्याला प्लेटॉनिकने सर्व प्रमुख यंत्रांवर एकाच वेळी खेळ देण्याचे कबूल केले आणि पुढच्या टप्प्यांवर वाद्यवृंदाचे संगीत वगैरे गोष्टी आल्या. प्रत्येक आश्वासन ऐकायला गोड होते. मात्र यंत्रांची संख्या वाढली की चाचणीचे आणि दुरुस्तीचे काम त्या प्रमाणात वाढते आणि त्यातून खेळाची एकही उडी अधिक नेमकी होत नाही. हा पैसा व्याप्तीकडे वळला आणि घडणीच्या वाट्याला कमी आला, असे मला या टप्प्यांकडे पाहताना वाटते.

दुसरा निर्णय खेळाच्या रचनेचा होता आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची मेख त्यातच आहे. पर्याय ढोबळमानाने दोन होते. एक, बॅन्जोप्रमाणे लहान आणि गच्च भरलेली अनेक जगे करायची. दोन, मोजकी पण प्रचंड जगे करायची. प्लेटॉनिकने दुसरा पर्याय घेतला. पाच जगे ठरली आणि प्रत्येक जग विस्तारता येईल अशी योजना झाली. खेळाडूने ‘पेजी’ नावाची सोनेरी पाने जमवायची आणि ती खर्चून एक तर नवे जग उघडायचे किंवा आधीचेच मोठे करायचे. खेळाडूला निवड मिळावी, हा हेतू चांगला होता आणि कागदावर ही कल्पना आकर्षक दिसते. जुलै २०१५ मध्ये टीम१७ ही ब्रिटिश कंपनी प्रकाशक म्हणून आली, त्यामुळे यंत्रांवरच्या आवृत्त्यांचा आणि वितरणाचा काही भार हलका झाला. रचनेचा निर्णय मात्र प्लेटॉनिकचाच राहिला.

विलंब, चाचणीचा तुकडा आणि रद्द झालेली आवृत्ती

ऑक्टोबर २०१६ ही अपेक्षित तारीख पुढे जाऊन २०१७ चे पहिले महिने जाहीर झाले. पाठीराख्यांनी हे समजून घेतले. किकस्टार्टरवरच्या खेळांना उशीर होतो हे तोवर सर्वांना माहीत झाले होते. जुलै २०१६ मध्ये पाठीराख्यांना ‘टॉयबॉक्स’ नावाचा एक तुकडा खेळायला मिळाला. तो मुख्य खेळापासून मुद्दाम वेगळा ठेवला होता, म्हणजे त्यात खऱ्या खेळातले कोणतेही जग नव्हते, फक्त हालचालींची चव घेता येईल असे छोटे मैदान होते. पुढचे कुतूहल टिकवायचे म्हणून हे केले गेले. त्याचा परिणाम असा झाला की धावणे, उडी आणि घरंगळणे यांविषयी लोकांना मत देता आले, पण मोठ्या जगात शिरल्यावर वाट सापडते का, हा प्रश्न कोणाच्याही नजरेसमोर आला नाही. पैसे दिलेले हजारो जाणते खेळाडू हाताशी असताना त्यांना ज्या गोष्टीवर खेळ अडणार होता ती सोडून बाकीचे दाखवले गेले, ही या प्रकरणातली मला सर्वाधिक चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोच्या वी यू या यंत्राची आवृत्ती अनपेक्षित तांत्रिक अडचणींमुळे रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि तिच्या जागी निन्टेन्डोच्या येऊ घातलेल्या स्विच या यंत्राची आवृत्ती देण्याचे ठरले. मोहिमेत मन लावून उतरलेल्यांपैकी अनेकांची बालपणे निन्टेन्डोच्या यंत्रांवर गेली होती, त्यामुळे हा घाव नेमका जवळच्यांना बसला. स्विचची आवृत्ती १४ डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे इतरांनंतर आठ महिन्यांनी आली. एकाच वेळी सर्व यंत्रांवर देण्याचे जे आश्वासन होते, ते निन्टेन्डोच्या खेळाडूंपुरते अपुरे राहिले. निर्णय लांबवण्याऐवजी तो प्रसिद्धीच्या आधी सांगून टाकला, ही गोष्ट निर्मात्यांच्या बाजूने नोंदवायला हवी.

नेमके काय बिघडले

बॅन्जोमध्ये नऊ जगे होती आणि प्रत्येकात दहा मुख्य वस्तू व शंभर स्वरचिन्हे होती. दुसरेच जग घेतले तर ते वाळूचे एक बेट आहे; शिखरावर दीपगृह आणि एका अंगाला फुटके जहाज. कोठेही उभे राहिले तरी दीपगृह दिसते आणि आपण कोठे आहोत हे कळते. एका बैठकीत ते जग पुरते पालथे घालता येते आणि शेवटी शंभरावे स्वरचिन्ह सापडते तेव्हा त्या बेटाचा कानाकोपरा आपल्या ओळखीचा झालेला असतो. निन्टेन्डो ६४ ची मर्यादित ताकद जगांना लहान ठेवत होती आणि त्या लहानपणामुळे प्रत्येक हातभर जागेला काहीतरी काम द्यावे लागत होते.

युका-लेलीत पाच जगे आणि प्रत्येकात २५ पेजी व २०० पिसे. हायव्हरी टॉवर्स या, सर्व जगांना जोडणाऱ्या मधल्या इमारतीतल्या २० धरून एकूण १४५ पेजी. प्रत्येक जगातल्या मुख्य वस्तू अडीचपट झाल्या, पण जागा त्याहून कितीतरी वाढली, त्यामुळे घनता घटली. पहिल्या, जंगलाच्या जगात शिरले की उंच दगडी मनोरे चोहीकडे दिसतात, पण कोणता मनोरा कशासाठी हे ओळखण्याची खूण नसते आणि सोबत नकाशाही नाही. जग विस्तारायचे तर ते सोडून बाहेर यायचे, त्या जगाचे दार असलेल्या पुस्तकापाशी पेजी खर्चायच्या आणि पुन्हा आत जायचे. आत गेल्यावर मघाशी पाहिलेल्या जागांच्या मध्ये नव्या जागा आलेल्या असतात आणि काढलेला माग पुसला जातो. विजार घातलेला ट्राउझर हा साप पिसे घेऊन नव्या हालचाली विकतो; त्या हालचाली हाती येईपर्यंत अनेक कामे समोर दिसतात पण करता येत नाहीत. ज्याने कामे टिपून ठेवली नाहीत त्याने पुन्हा येऊन ती शोधायची कशी, याचे उत्तर खेळ देत नाही. पुढे उडण्याची क्षमता मिळते आणि ज्या चढणींसाठी कसब लागायचे त्या एका झेपेत पार होतात. म्हणजे आधी वाट सापडत नाही आणि नंतर वाटेची गरजच उरत नाही.

चौथे जग जुगारखान्याचे आहे. इतर जगांत एखादे काम पुरे केले की पेजी मिळते, पण इथे कामांबद्दल टोकन मिळतात आणि दहा टोकनांची एक पेजी होते. एका पेजीच्या मागे जी एक गोष्ट, एक पात्र, एक युक्ती असायची ती इथे दहा तुकड्यांत वाटली गेली आणि कोणताच तुकडा लक्षात राहण्याएवढा मोठा उरला नाही. बॅन्जोतल्या वस्तू गोळा करण्यात जी गोडी होती ती मोजण्यात नव्हती. प्रत्येक वस्तूमागे एक प्रसंग होता म्हणून ती होती, हे या जगात फार स्पष्ट दिसते.

यावर कॅमेऱ्याची भर पडली. अरुंद जागेत तो पात्राच्या मागे ठरत नसे, खेळाडूने फिरवला तरी स्वतःच्या मर्जीने परत वळे. त्रिमितीय प्लॅटफॉर्म खेळात उडी कोठे पडेल याचा अंदाज मुख्यतः कॅमेऱ्यावर अवलंबून असतो, त्यामुळे ही उणीव वरवरची म्हणता येत नाही. पात्रांची बडबड पटकन पुढे ढकलता येत नसे आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकावा लागे. डॉ. क्वॅक नावाचे खलनायकाचे बदक मधल्या इमारतीत वाट अडवून प्रश्नमंजूषा घेई. त्यात खेळात काय काय घडले यावर प्रश्न असत आणि काही उत्तरे चुकली की सगळे पहिल्यापासून. १९९८ मध्ये चेटकिणीची प्रश्नमंजूषा खेळाच्या शेवटाजवळ, अख्खा खेळ पाठ झाल्यावर येत होती आणि ती त्या प्रवासाची उजळणी होती. इथे तीच कल्पना अधूनमधून येणारा अडसर झाली. शेवटच्या लढतीसाठी शंभर पेजी लागत, म्हणजे दहातल्या जवळपास सात, त्यामुळे ज्याला जगे आवडली नाहीत त्यालाही ती विंचरून काढावीच लागत.

या सगळ्यात जे चांगले होते ते खरोखर चांगले होते. संगीत उत्तम आहे, रंग प्रसन्न आहेत, युका आणि लेलीची एकमेकांवरची कुरघोडी जमली आहे आणि दुसऱ्या, बर्फाच्या जगातला राजवाडा ठरावीक तिरक्या कोनातून दाखवण्याची कल्पना मला फार आवडते. तिथे कॅमेरा स्थिर असल्यामुळे जागेची नीट आखणी करावी लागली आहे, हेही लक्षात येते. ज्या समीक्षकांनी कौतुक केले त्यांना हाच आनंद दिसला. ज्यांनी टीका केली त्यांनीही हाच खेळ पाहिला होता. पण मधल्या १९ वर्षांत कॅमेरा, दिशादर्शन आणि वेळेची कदर यांत खेळांनी जे कमावले होते ते इथे का नाही, हा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्या मते तो रास्त होता.

आपल्याकडच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालून चालणारे यंत्र आणि त्यातले मारिओ व कॉन्ट्रा. निन्टेन्डो ६४ फार थोड्यांनी पाहिले. त्यामुळे युका-लेली विकत घेणाऱ्या मराठी खेळाडूंपैकी बहुतेकांच्या मनात बॅन्जोची आठवण नव्हती. आठवणीचा आधार नसलेल्या माणसाला हा खेळ कसा वाटतो, ही त्याची सर्वांत कडक परीक्षा ठरते आणि तिच्यात दोन-तीन तासांनंतर, दुसऱ्यांदा जंगलाच्या जगात वाट शोधताना, तो उणा पडतो.

प्रसिद्धीनंतरचे निर्णय

टीका सुरू झाल्यावर प्लेटॉनिकपुढे तीन मार्ग होते. खेळ आम्ही सांगितल्याप्रमाणेच आहे असे म्हणून ठाम राहायचे, दुरुस्त्या द्यायच्या, किंवा पुढच्या खेळाकडे वळायचे. पहिला मार्ग त्यांना शब्दशः खरा करून दाखवता आला असता, पण त्यांनी तो घेतला नाही. २०१७ मध्येच एक मोठी दुरुस्ती आली. तिच्यामुळे कॅमेरा सुधारला, संभाषणे पुढे ढकलता येऊ लागली, बडबडीचा आवाज आवरता येऊ लागला. वर्षअखेरीस आलेली स्विचची आवृत्ती या दुरुस्त्यांसह आल्यामुळे ज्यांनी सर्वांत जास्त वाट पाहिली त्यांना सर्वांत नेटकी प्रत मिळाली. जगांची रचना दुरुस्तीने बदलण्यासारखी नव्हती, ती तशीच राहिली.

त्याच वर्षी दोन खेळांनी या प्रकाराला अजूनही धार आहे हे दाखवून दिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ओडिसी’ आला. त्याचा खर्च आणि मनुष्यबळ पाहता ती तुलना प्लेटॉनिकवर अन्याय करणारी आहे. पण त्याच महिन्यात ‘अ हॅट इन टाइम’ आला, जो एका लहान चमूने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर मिळालेल्या २,९६,३६० डॉलरमधून सुरू केला होता, म्हणजे युका-लेलीच्या तुलनेत फारच थोड्या रकमेतून. त्यात पक्ष्यांच्या चित्रपट स्टुडिओचे एक प्रकरण आहे. एका कामगिरीत धावत्या रेल्वेगाडीत खुनाचा तपास करायचा, दुसरीत घुबडांच्या मिरवणुकीपुढे चालायचे. प्रत्येक कामगिरीसाठी जागेचा आकार आणि नियम बदलतात. पैसा कमी असलेल्या चमूने छोट्या, एकमेकांपासून वेगळ्या प्रसंगांवर तो खर्च केला आणि खेळाडूंनी त्याला उचलून धरले.

परिणाम

प्लेटॉनिकने पुढे जे केले त्यातून त्यांनी काय ओळखले ते दिसते. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘युका-लेली अँड द इम्पॉसिबल लेअर’ हा खेळ आला. पात्रे तीच, पण खेळ बाजूने दिसणारा आणि लहान, नेमक्या आखलेल्या टप्प्यांचा. २० ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणाची दोन रूपे, असे ४० टप्पे. शेवटची अवघड गुहा पहिल्या क्षणापासून उघडी असते; वाटेत सोडवलेली प्रत्येक मधमाशी त्या गुहेत एक फटका झेलते. खेळाडूला निवड देण्याची जी इच्छा २०१५ मध्ये होती ती इथे फार स्वच्छपणे साकारली आहे: तयारी किती करायची ते खेळाडूने ठरवायचे आणि कमी तयारीने गेल्यास त्याची किंमत काय ते त्याला आधीच कळते. या खेळाला मूळ खेळापेक्षा बरीच चांगली पसंती मिळाली.

जून २०२४ मध्ये मूळ खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती जाहीर झाली आणि ‘युका-रिप्लेली’ या नावाने ती ९ ऑक्टोबर २०२५ रोजी आली. तिच्यात नकाशा आहे, कामांची नोंद ठेवण्याची सोय आहे, कॅमेरा नव्याने केला आहे आणि बहुतेक हालचाली सुरुवातीपासून हातात असतात. पेजींची संख्या दुपटीहून जास्त केली आहे, म्हणजे त्याच जागेत भर घातली आहे. २०१७ च्या तक्रारींची यादी समोर ठेवून पाहिले तर तिचे बहुतेक मुद्दे एकेक करून हाताळलेले दिसतात. आठ वर्षांनी आपलाच खेळ उघडून तो पुन्हा जोडायला बसणे हे कष्टाचे काम आहे आणि त्यामागे खेळावरची माया आहे असे मी मानतो.

वेगळे काय करता आले असते

टॉयबॉक्सच्या जागी पहिल्या जगाचा अर्धा भाग पाठीराख्यांना दिला असता तर जुलै २०१६ मध्येच दिशाहीनतेची तक्रार पुढे आली असती. तारीख तशीही पुढे गेली होती. नऊ महिने हातात होते. तेवढ्यात जगे लहान करणे शक्य झाले नसते, पण नकाशा, ठळक खुणा आणि कॅमेऱ्याची जी दुरुस्ती प्रसिद्धीनंतर झाली ती आधी करता आली असती. कथेतले रहस्य थोडे उघडे पडले असते, हा तोटा खरा आहे. पण अशा खेळात लोक कथेच्या रहस्यासाठी येत नाहीत.

जगांचा विस्तार ठेवायचाच होता तर तो पेजींच्या खर्चाला न बांधता जगातच घडवून आणता आला असता. एखादे काम पुरे झाल्यावर पूल खाली येतो किंवा पाणी ओसरते आणि खेळाडूच्या डोळ्यांसमोर नवी जागा उघडते, तर मनातला नकाशा मोडत नाही, वाढतो. प्रश्नमंजूषा आणि जुगारखान्याची टोकने काढून त्यांच्यावरचे श्रम पहिल्या दोन जगांत घातले असते तर सुरुवातीचे तास, ज्यांवर बहुतेकांचे मत ठरले, अधिक भक्कम झाले असते.

पैशांच्या बाबतीत, दहा लाखांच्या टप्प्याला यंत्रांऐवजी वेळ जाहीर करता आला असता. ‘हा पैसा खेळ तपासून घेण्यासाठी, बाहेरच्या खेळाडूंकडून खेळवून घेण्यासाठी सहा महिने विकत घेईल,’ असे सांगणारा टप्पा मोहिमेच्या पानावर फार चमकला नसता. पण त्या दिवशी, २१ तासांत दहा लाख पौंड जमलेले असताना, चमक कमी पडण्याची भीती उरलेली नव्हती. वी यूच्या मालकांनाही मग जे यंत्र आपल्या खेळाला पेलणार नव्हते त्याचे वचन मिळाले नसते.

पाठीराख्यांकडूनही एक गोष्ट होऊ शकली असती. मोहीम चालू असताना लोकांनी पात्रांविषयी, संगीताविषयी, अमुक यंत्रावर खेळ येणार का याविषयी भरपूर विचारले. कॅमेरा कसा असेल, जग किती मोठे असेल आणि हरवल्यावर खेळ काय मदत करेल, हे ७३,००० लोकांपैकी काही शे जणांनी जरी चिकाटीने विचारले असते तरी निर्मात्यांना त्याचे उत्तर लेखी द्यावे लागले असते आणि ते उत्तर शोधताना जगांचा आराखडा पक्का होण्याआधीच त्यांना तो पुन्हा पाहावा लागला असता.